डबल स्ट्रोकचा दुसरा ठोका मरलालाय, उपाय सांगा कुणीतरी

बेताल_लातूर | १४ जून, रात्री ११:५२

राम राम मंडळी. मी लातूरचा, ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड (आठ पॅडचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) वाजवतो आणि हॉलमधला कार्यक्रम असला की ड्रमकिट. सहा वर्षं झाली वाजवलालोय, सगळं बघून बघून शिकलेलं, गुरू असा कुणी नाही. गाण्यात काम भागतं, लग्नसराईत तर कुणी विचारत पण नाही, पण डबल स्ट्रोक म्हणलं की माझी बोंब. उउडाडा उउडाडा, म्हणजे दोन ठोके उजव्या हाताचे, दोन डाव्याचे, एवढंच तर आहे.

मेट्रोनोम (टिकटिक करून लय धरणारं यंत्र) ८५ ला, म्हणजे मिनिटाला ८५ बीट, लावून एका बीटला चार ठोके धरले तर मस्त चालतं. १६० च्या पुढं टाकलं तर स्टिक आपोआप उडती आणि घर्रर्र असा रोल निघतो, खालच्या लोकांना वाटतं पोरगं भारी वाजवतंय. मधलं जे आहे ना, ९५ ते १३०, तिथं सगळं फाटतं. टगडक टगडक, लंगडं घोडं चालल्यावानी.

परवा जरा डोकं लावलं. ऑक्टोपॅड लॅपटॉपला जोडला आणि रेकॉर्ड केलं. मिडीत (वाजवलेलं आकड्यांत नोंदवायची पद्धत) प्रत्येक ठोक्याचा जोर आकड्यात दिसतो, सगळ्यात जास्त १२७. ११० च्या स्पीडला माझा उजवा पहिला ठोका ९८, दुसरा ६१. डावा पहिला ९०, दुसरा ३८. अडोतीस! तो ठोका नाही ओ, माशी बसली पॅडवर.

आणि गंमत म्हणजे इतकी वर्षं कळलंच नाही, कारण ऑक्टोपॅडचं सेटिंग असं केलेलं की हळू मारा का जोरात मारा, आवाज तेवढाच. दुकानात घेतला त्या दिवशीपासून तसंच होतं. सेटिंग बदललं आणि अब्रू गेली.

काय करावं? रोज तासभर बसायची तयारी आहे, पण कशावर बसावं तेच कळंना.

पावणेदोन | १५ जून, सकाळी ७:१०

तीन गोष्टी सांगा आधी. स्टिक कोणती, सरावाचा पॅड कोणता, आणि स्टिक धरता कुठं. बाकीचं मग बघू. (परभणीतून, काल ४१ डिग्री होतं, पॅडवर घामाचे थेंब पडायलेत.)

बेताल_लातूर | १५ जून, दुपारी १:३४

स्टिक ५ए, मधल्या जाडीची. पॅड घरीच बनवलेला, ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा पंक्चरवाल्याकडून आणला आणि प्लायवर चिकटवला, फुकटात काम. उडी चांगली आहे त्याला. धरायचं म्हणाल तर, कशी धरतो ते आज पहिल्यांदाच बघितलं, खरं सांगतो. पाची बोटं आवळून, बसमधे वरचा दांडा धरतात तशी. उन्हाळ्यात घामानं स्टिक निसटती म्हणून सवय लागली असंल. एकदा स्टेजवर निसटून ढोलकीवाल्याच्या पाठीत बसली होती, तेव्हापासून भीतीच बसली.

पावणेदोन | १५ जून, दुपारी २:०५

मग अर्धं उत्तर तुम्हीच दिलं. आवळून धरली की स्टिक पहिला ठोका देऊन उठायलाच बघत नाही. अंगठा आणि तर्जनीमधे धरा, किल्ली फिरवताना धरतो तेवढ्याच जोरानं. बाकीची तीन बोटं नुसती टेकलेली. त्या चिमटीच्या जागेला फलक्रम म्हणतात, सीसॉचा मधला खांब म्हणा. ती जागा पुढं गेली तरी उडी मरती, फार मागं गेली तरी मरती. शेंड्यापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर धरून बघा, एका हातानं स्टिक पॅडवर नुसती सोडा आणि किती टप्पे खाती ते मोजा. जिथं जास्त टप्पे, ती तुमची जागा.

ढणाढण_हिंगोली | १५ जून, दुपारी ३:४०

तिकडं इंग्रजीत या रोलला मामा-दादा म्हणतात म्हणे, मा-मा दा-दा असं तोंडानं म्हणत वाजवायचं. आपल्याकडं मामा-काका म्हणावं, म्हणजे डावा हात काका, कायम रुसलेला

बेताल_लातूर | १५ जून, दुपारी ३:४८

अन मामा कायम पुढं पुढं करणारा. बरोबर आहे की 😄

जुना_ताशा | १५ जून, रात्री ९:२०

मी माजलगावकडचा. किट वगैरे मला येत नाही, ताशा वाजवतो, पंचवीस-तीस वर्षं झाली. मधे बोलायचा अधिकार आहे का नाही माहीत नाही, पण धागा वाचला आणि एक गोष्ट आठवली म्हणून लिहितो, लांबलं तर माफ करा.

आमच्या गावात एक म्हातारबाबा हलगी वाजवायचे. हलगीला दोन काड्या, एक जाड आखूड अन एक बारीक लांब. वाजवायच्या आधी जाळावर शेकायची, कातडं ताणलं की टणटण बोलती. पण पावसाळ्यात, पोळ्याच्या टायमाला, जाळ कुठला? भुरभुर पाऊस, कातडं ओलं, सैल. आम्हा पोरांच्या हातात दिली की नुसता भदभद आवाज. आमची काडी कातड्यात फसायची, चिखलात पाय फसल्यावानी. म्हाताऱ्याच्या हातात तीच हलगी तशीच ओली, आणि ठोके सुटे सुटे, मोजून घ्यावेत असे. मी विचारलं बाबा तुमची कशी उडती? म्हणाले, उडत नाही रे, मी उचलतो.

मी ताशावर शिकलेलो. आता ताशाला प्लास्टिकचं पान असतं, ते इतकं ताणलेलं की काडी नुसती दाखवली तरी तर्री, म्हणजे ताशाचा सलग रोल, निघती. फुकटची तर्री. ती तर्री मला वाटायचं मी वाजवतो, खरं म्हणजे पान वाजवायचं. भावा, तुझा ट्रॅक्टरचा ट्यूब म्हणजे माझं प्लास्टिकचं पान. तो तुला दुसरा ठोका उधार देतोय. त्याच्या मर्जीनं.

गादीवाला | १५ जून, रात्री १०:०२

काका एकदम बरोबर. उशीवर वाजवा, विषय संपला. मी दोन महिने उशीवर बसलो, मनगट लोखंड झालं.

रियाज_औरंगपुरा | १६ जून, सकाळी १०:१५

उशीवर विषय संपत नाही, उशीवर अर्धा विषय सुरू होतो. सविस्तर लिहिते.

काकांनी जे सांगितलं ते मला किट शिकताना तीन वर्षांनी कळलं. बेताल, तुमच्या मधल्या स्पीडचं गणित करून बघा. ११० ला एका बीटमधे चार ठोके म्हणजे दोन ठोक्यांत साधारण १३६ मिलिसेकंद. आता नुसती उडी मारून परत येणारी स्टिक तिच्या वेळेला येते, तुमच्या वेळेला नाही. किती वेळात येईल ते पॅड किती ताणलेला आहे, तुम्ही किती उंचीवरून टाकली, यावर. बहुतेक वेळा ती १३६ च्या आधीच येऊन पडते, म्हणून पहिला-दुसरा चिकटतात आणि मग पुढच्या हाताच्या आधी भोक पडतं. तेच तुमचं लंगडं घोडं. १६० ला ठोक्यातलं अंतर ९४ मिलिसेकंद होतं, तिथं स्टिकची वेळ आणि गाण्याची वेळ जवळ येते, म्हणून तिथं आपोआप भारी वाटतं. आणि ८५ ला तुम्ही दोन्ही ठोके मनगटानंच मारता, तिथं उडीचा प्रश्नच नाही.

म्हणजे तुम्हाला खालचा गियर येतो, वरचा गाडी उताराला लागली की आपोआप पडतो, मधला गियरच नाही.

मधला गियर असा. पहिला ठोका मनगटानं फेकायचा, फेकताना मागची बोटं किंचित उघडतात. स्टिक वर येते. ती पूर्ण वर यायच्या आत तीच बोटं मिटून स्टिक तळव्याकडं ओढायची, त्या ओढण्यानं दुसरा ठोका बसतो. बॉल टप्पा खाऊन वर आला की हातानं खाली ढकलतो ना, तसंच, फक्त बोटांनी. मनगट दोन ठोक्यांना एकदाच खाली जातं. दुसरा ठोका बोटांचा असतो, पॅडचा नाही.

हे एकाच हातानं करायचं आधी. उजवा, दोन ठोके, दोन ठोके गप्प, परत दोन. ६० वर. मग डावा. डाव्याला दुप्पट वेळ. दोन्ही हात एकत्र आणायची घाई केली की उजवा डाव्याला झाकतो आणि आपण खूश होतो.

आता उशी. उशी उडी देत नाही, त्यामुळे बोटांनी ओढल्याशिवाय दुसरा ठोका येतच नाही, हा तिचा फायदा. पण उशीवरच महिनाभर बसलात तर हात प्रत्येक ठोक्याला खांद्यापासून उचलायला शिकतो, आणि मग पॅडवर आलात की उडी येते ती तुमच्या हाताला नकोशी वाटते, तिच्याशी भांडण. म्हणून पाच मिनिटं उशी, लगेच पाच मिनिटं पॅड. एकाच बैठकीत.

गादीवाला | १६ जून, सकाळी १०:५०

ताई माझा तर फायदाच झाला उशीनं. पण हो, खांदा दुखायचा तेव्हा. मला वाटलं मेहनतीचा आहे

रियाज_औरंगपुरा | १६ जून, सकाळी ११:०४

😐

ढणाढण_हिंगोली | १६ जून, दुपारी १२:३०

ताई उशीचं पटलं पण रोज तेच उउडाडा वाजवून झोप येती ओ. दुसरं काही?

रियाज_औरंगपुरा | १६ जून, दुपारी ४:४५

आहे ना. दोनच सांगते, दहा सांगितले तर कुणीच करत नाही.

पहिला, डबल एका ठोक्यानं सरकवायचा. उडाडाउ, उडाडाउ. बघा, आता शेवटचा उ आणि पुढचा पहिला उ मिळून जोडी होते, आणि त्या जोडीतला दुसरा ठोका बरोबर बीटवर पडतो. बीटवर पडलेला ठोका आपण सहसा मरू देत नाही, लाज वाटते. त्यामुळे दुसऱ्याला आपोआप जोर येतो.

दुसरा, तेच डबल तीन-तीनच्या मापात. उउडा डाउउ डाडाउ उडाडा. प्रत्येक तिनातला पहिला जोरात. करून बघा, जोर एकदा जोडीतल्या पहिल्यावर येतो, एकदा दुसऱ्यावर. सुरुवातीला डोकं फिरतं. ६० वर सुद्धा. आपल्याकडं दादरा ऐकून मोठं झालेल्यांना तीनचं माप अंगात असतं, तोंडानं बोल म्हणत वाजवा.

आणि तबला वाजवणाऱ्यांनो, तिरकिटशी तुलना करायला येऊ नका, तिथं उडीचा खेळच नाही, प्रत्येक बोल वेगळ्या बोटाचा.

जॉर्ज लॉरेन्स स्टोनचं १९३५ चं स्टिक कंट्रोल नावाचं सरावाचं पुस्तक आहे, त्याच्या पहिल्याच पानावर तिसरा धडा म्हणजे हा डबल आणि चौथा म्हणजे तोच डाव्या हातानं सुरू केलेला. प्रत्येक वीस वेळा, न थांबता. जो मोरेलोसारखा जॅझचा नावाजलेला ड्रमर स्टोनकडं शिकला. मी चौथा धडा वर्षभर टाळला होता. डावा टाळला की तो तिथंच बसून राहतो, वाट बघत.

परिपत्रक | १६ जून, सायंकाळी ६:१२

थोडी माहिती. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवाद्यांच्या संस्थेने १९८४ मध्ये जी ४० रुडिमेंट्सची (ड्रमच्या मूळ धड्यांची) यादी केली त्यात डबल स्ट्रोक ओपन रोल आहेच, आणि फाइव्ह, सेव्हन, नाइन स्ट्रोक रोल हे सगळे त्याच्याच पोटातले. त्यामुळे हा एक सुधारला तर अर्धा डझन फुकट सुधारतील. ओपन म्हणजे प्रत्येक ठोका सुटा ऐकू आला पाहिजे, घर्रर्र नाही. घर्रर्र म्हणजे बझ रोल, तो वेगळा.

बेताल_लातूर | १६ जून, रात्री १०:३१

म्हणजे मी १६० ला जो भारी रोल म्हणून मिरवत होतो तो बझ होता 🙏

पावणेदोन | १६ जून, रात्री १०:४०

असंल तसंच. मोबाईलवर स्लो मोशन लावून शूट करा बरं, स्टिकचं टोक बघा. डबल असंल तर पॅडवर दोनदा टेकतं. तुमचं चारदा टेकायलं असंल.

बेताल_लातूर | १७ जून, रात्री ११:१५

बघितलं. डाव्याचं तीनदा टेकतं, कधी चार. डिलीट करून टाकला व्हिडिओ, बायकोनं बघायच्या आधी.

अजून एक शोध लागला. दोन स्टिक वजनानं सारख्याच नाहीत. सोनाराच्या दुकानातल्या सोनं तोलायच्या काट्यासारखा बारीक काटा आहे, त्याच्यावर ठेवल्या, एक ५३ ग्रॅम, एक ४६. जोडी म्हणून दिली होती शहरातल्या एका दुकानानं, आणि मी पण पाकिटातून काढून तशीच घेतली. टेबलावर घरंगळवून बघितली तर एक सरळ जाती, दुसरी नाचत जाती.

जुना_ताशा | १८ जून, सकाळी ६:३०

काड्या विकत घेताना दोन्ही एकामागोमाग फरशीवर टाकायच्या, आवाज ऐकायचा. सूर वेगळा लागला तर वजन वेगळं. कुणी काटा घेऊन दुकानात जात नाही. आणि हलकी काडी डाव्या हातात होती का? तरी तेवढ्यानं ३८ होत नाही, ३८ तुझेच.

शेजारी_नांदेड | १८ जून, सकाळी ९:००

तुमचं ठीक आहे ओ. माझ्या वरच्या मजल्यावर असाच एक जण रोज रात्री दहाला टकटकटकटक. त्याला कुणी सांगा उशीचं. फक्त उशीचं. पॅडचं सांगू नका.

ढणाढण_हिंगोली | १८ जून, सकाळी ९:२०

😂😂 काका त्याच्या खाली राहून कान तयार झाले असतील तुमचे, सांगा दुसरा ठोका मरतो का त्याचा?

शेजारी_नांदेड | १८ जून, सकाळी ९:४१

नाही मरत, तोच तर त्रास आहे

बेताल_लातूर | २९ जून, रात्री १०:५८

अपडेट. रोज चाळीस मिनिटं चालू आहे. पण डाव्या हाताचं, कोपराच्या खाली, आतल्या बाजूला दुखायलंय दोन दिवसांपासून. वाजवताना नाही, सकाळी चहाचा कप उचलताना. चालू ठेवू का?

रियाज_औरंगपुरा | २९ जून, रात्री ११:१०

नाही. बंद. चार-पाच दिवस डावा अजिबात नाही, आणि आठवड्यात गेलं नाही तर डॉक्टरला दाखवा, इथं विचारू नका. थकवा आणि दुखणं वेगळं. थकवा वाजवताना येतो आणि थांबलं की जातो. कप उचलताना दुखतं म्हणजे तुम्ही परत आवळायला लागलात, डाव्याचे ३८ चे पटकन ९० करायचेत म्हणून. बरोबर ना?

बेताल_लातूर | २९ जून, रात्री ११:१४

बरोबर 😔

जुना_ताशा | ३० जून, सकाळी ६:१५

डाव्या हातानं आठ दिवस बाकीची कामं कर. दात घासणं, कुलूप काढणं, भाजीची पिशवी नको. म्हातारबाबा डाव्या हातानं शेंगा फोडायचे दिवसभर. मला वाटायचं सवय आहे.

बेताल_लातूर | २१ ऑगस्ट, रात्री ११:४४

मंडळी, धागा वर आणतोय. दुखणं सहा दिवसांत गेलं, नंतर आठवडाभर फक्त दहा मिनिटं बसलो. मग रोज पंचवीस मिनिटं, त्यात पंधरा डाव्याला. नवीन स्टिक आणल्या, दुकानातच फरशीवर टाकून ऐकल्या, दुकानदार बघतच राहिला.

मधे एक गोष्ट झाली ती सांगतो. जुलैत एका रात्री लाइट गेली, मेट्रोनोम मोबाईलवर चालू होता तेवढ्यात त्याची पण बॅटरी संपली. अंधारात उशीवर तसाच चालू राहिलो, दिसत काहीच नाही, पंखा बंद त्यामुळे आवाज स्वच्छ. आणि पहिल्यांदा मला माझा दुसरा ठोका वेगळा ऐकू आला. मेट्रोनोमला धरून वाजवताना मी चार ठोक्यांतला पहिलाच ऐकत होतो इतकी वर्षं, बाकीचे तीन नुसते भरणा. त्या दिवसापासून क्लिक अर्धा केला, दोन बीटला एक. आता मधलं अंतर मलाच धरावं लागतं.

आता आकडे. ११० ला उजवा ९४ आणि ८३. डावा ८८ आणि ६९. ठोक्यातलं अंतर पण लॅपटॉपवर बघितलं, आधी पहिला-दुसरा ११० मिलिसेकंदाला चिकटायचे, आता १३० च्या आसपास येतेत. टगडक गेलं. १२० ला अजून डावा थोडा पळतो. पण घोडं चालतंय.

पावणेदोन | २२ ऑगस्ट, सकाळी ७:३०

३८ चे ६९! वा रं पठ्ठ्या. इकडं पाऊस नाही, निदान तुझा डावा तरी बरसला.

गादीवाला | २२ ऑगस्ट, सकाळी ८:१०

उशीचं क्रेडिट मला द्या कुणीतरी

रियाज_औरंगपुरा | २२ ऑगस्ट, दुपारी १२:२०

अर्धं दिलं. बेताल, आता १२० ला बसू नका, १०५ ला या आणि आवाज एकदम कमी करून वाजवा, स्टिक पॅडपासून दोन इंचाच्या वर जाऊ द्यायची नाही. जोरात वाजवताना मनगट चूक झाकून घेतं. हळू आवाजात दुसरा ठोका टिकला तर तो खरा तुमचा.

बेताल_लातूर | २३ ऑगस्ट, रात्री १२:०५

करतो. पण ताई एक नवीन भानगड आहे. आज हॉलमधे किटवर बसलो. स्नेअरवर (समोरचा ताणलेला छोटा ड्रम) डबल मस्त, पॅडपेक्षा भारी. तोच रोल स्नेअरवरून फ्लोअर टॉमवर (बाजूचा मोठा ड्रम) नेला की टॉमवर दुसरा ठोका गायब. परत माशी. स्नेअरवर आलं की परत जिवंत. हात तोच, स्पीड तोच, काय कळंना.

जुना_ताशा | २३ ऑगस्ट, सकाळी ६:०५

टॉमचं पान दाबून बघ बोटानं. सैल असंल. स्नेअर म्हणजे शेकलेली हलगी, अन हा तुझा मोठा ढोल पोळ्याच्या पावसातला. काढ उशी परत.